घोडनदीकाठचे कोठार

चाकण हे नाव आज मोटारींच्या कारखान्यांमुळे देशभर परिचित झाले आहे. परंतु कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासून चाकणची ओळख कांद्या-बटाट्याची आणि भुसार मालाची बाजारपेठ म्हणून होती, आणि ती आजही टिकून आहे. पेढीवर बसणारा जुना जाणता व्यापारी पोत्यातून मूठभर धान्य घेतो, दाणा तळहातावर पसरून पाहतो, दाताखाली फोडून त्यातील ओलावा जोखतो आणि मग ठरवतो की माल साठवावा की विकावा. किती खावे, किती राखावे, किती द्यावे आणि त्याच्या बदल्यात काय घ्यावे, हा निर्णय व्यापारी कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या करावा लागला आहे. पुणे जिल्ह्याच्या याच भूमीत हा निर्णय सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीही केला जात होता. तेव्हा नाणे नव्हते, वही नव्हती आणि या भूमीत लिपीही नव्हती.

पिंपरी-चिंचवडमधून वाहणारी पवना, चाकणच्या परिसरातील भामा आणि इंद्रायणी या नद्यांचे पाणी शेवटी भीमेला मिळते. आंबेगाव आणि शिरूर तालुक्यांतून वाहणारी घोडनदीही भीमेचीच उपनदी आहे. या घोडनदीच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव नावाचे गाव आहे. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया, डॉ. मधुकर केशव ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेले हे काम भारतातील प्रागैतिहासिक खेड्याच्या सर्वांत सखोल अभ्यासांपैकी एक मानले जाते. त्याचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक घरांच्या जमिनी, चुली, धान्याची पेवे, कुंभाराची भट्टी आणि शेकडो दफने यांतून एका गावाचा नऊशे वर्षांचा संसार अभ्यासकांसमोर उलगडला.

तीन कालखंडांचे गाव

इनामगावाची वस्ती तीन टप्प्यांत विभागली जाते. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या सुमारास माळव्याकडील संस्कृतीचे लोक येथे आले. त्यानंतर इ.स.पू. १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे काळ, आणि इ.स.पू. १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे काळ. ‘जोर्वे’ हे नाव संगमनेर तालुक्यातील त्याच नावाच्या गावावरून पडले. तेथे १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननात या संस्कृतीची वैशिष्ट्यपूर्ण मृद्भांडी ओळखली गेली. लाल-नारिंगी रंगाची, वर काळ्या रेषांची नक्षी असलेली, चाकावर घडवलेली आणि इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली असता धातूसारखा नाद यावा, अशी ती भांडी आहेत. त्यांतील तोटीचा चंबू पाहिला की आपल्या देवघरातील वा स्वयंपाकघरातील एखाद्या भांड्याची आठवण व्हावी.

दगड आणि तांबे ही दोन्ही साधने वापरात असल्याने या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात. तापी, गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांत या संस्कृतीची दोनशेहून अधिक खेडी आढळली आहेत. गोदावरीच्या खोऱ्यातील दायमाबाद ही त्यांतील मोठी वसाहत होती, तर भीमेच्या खोऱ्यातील प्रमुख केंद्र म्हणून इनामगावाकडे पाहिले जाते.

ताटात काय होते?

तीन हजार वर्षांपूर्वीचे जेवण आज कसे समजते, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर विस्तवात आहे. कच्चा दाणा मातीत कुजून जातो. परंतु चुलीत पडून वा घराला आग लागून जो दाणा जळतो, त्याचा कोळसा होतो आणि तो सहस्रावधी वर्षे टिकतो. उत्खननातील माती पाण्यात कालवली की असे हलके दाणे वर तरंगतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार पाहून धान्य ओळखता येते. डेक्कन कॉलेजचे पुरावनस्पतीतज्ज्ञ डॉ. मुकुंद काजळे यांनी इनामगावच्या अशा अवशेषांचा बारकाईने अभ्यास केला.

त्यातून दिसते ते असे : मुख्य धान्य होते जव, म्हणजे सातू. त्याच्या जोडीला गहू होता. मसूर, कुळीथ, वाटाणा आणि लाख ही कडधान्ये होती. रानातली बोरे वेचून आणली जात. दळण्यासाठी पाट्यासारखा खोलगट दगड आणि हातात धरायचा दगड वापरत. गोल फिरणारे जाते आपल्या देशात पुष्कळ नंतर, ऐतिहासिक काळात आले. कडधान्यांची ही यादी वाचताना कोणत्याही मराठी घराला परकेपणा वाटणार नाही. कुळथाचे पिठले आणि मसुराची आमटी यांची परंपरा या खोऱ्यात किती जुनी आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

मात्र हे लोक शाकाहारी नव्हते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या यांची हाडे घरांच्या परिसरात मोठ्या प्रमाणात सापडली असून त्यांवर कापल्याच्या खुणा आहेत. हरणांची शिकार होत असे आणि नदीतील मासेही खाल्ले जात. इतिहासाकडे पाहताना आपल्या आजच्या आचाराची छाया त्यावर पाडणे योग्य नाही. ज्या समाजाला पुढचा पाऊस येईल की नाही याची शाश्वती नव्हती, त्याने जे हाताशी आले त्यावर उदरनिर्वाह केला. इनामगावच्या दफनांत लहान मुलांची संख्या फार मोठी आहे. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यांत बालकाला निजवत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. शेजारी एक वाडगा आणि तोटीचा चंबू ठेवत. मृत बाळाबरोबरही अन्न-पाण्याची भांडी ठेवणाऱ्या त्या मातापित्यांच्या मनात भुकेचे भय किती खोल रुजलेले असेल, याची कल्पना त्यावरून करता येते.

पाणी, पेव आणि कोठार

शिरूरचा हा भाग पर्जन्यछायेचा. सह्याद्रीवर धो धो कोसळणारा पाऊस येथवर पोहोचेपर्यंत विरळ होतो. काळी जमीन ओल धरून ठेवते हे खरे, परंतु गहू हे रब्बीचे पीक केवळ पावसाच्या भरवशावर येथे घेणे कठीण. म्हणूनच इनामगावात सापडलेला पाट महत्त्वाचा ठरतो. पूर्व जोर्वे काळात गावकऱ्यांनी नदीच्या बाजूने सुमारे २४० मीटर लांबीचा आणि दोन मीटरहून अधिक रुंदीचा दगड-मातीचा बांध घातला आणि त्याला लागून चांगला चार मीटर रुंदीचा पाट खोदला. पुराचे पाणी वळवून शेताला द्यायचे, अशी ही योजना होती, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. लोखंडाची कुदळ नसताना हे काम झाले. एका कुटुंबाच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे. कोणी किती दिवस राबावे, कोणाला किती पाणी मिळावे, याची काहीतरी व्यवस्था गावात असलीच पाहिजे.

त्या व्यवस्थेचा दुसरा पुरावा गावाच्या मध्यभागी आहे. तेथे पाच खोल्यांचे एक प्रशस्त घर सापडले. ते गावच्या प्रमुखाचे असावे. त्या घराला लागूनच धान्याचे कोठार होते. त्यात जमिनीत खोदलेली पेवे होती आणि मातीचे गोल ओटे होते. या ओट्यांवर कणग्या ठेवल्या जात, म्हणजे दाण्याला जमिनीची ओल लागत नसे. पेवाला आतून चुन्याचा लेप देत, म्हणजे किडीपासून रक्षण होई. ज्यांच्या आजोबांच्या वाड्यात बळद किंवा पेव होते, त्यांना यातील शहाणपण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

सामान्य घरांतही स्वतःच्या साठवणीची सोय होती. मग प्रमुखाच्या घराशेजारी एवढे मोठे कोठार कशासाठी? विद्वानांचा तर्क असा, की प्रत्येक कुटुंब आपल्या पिकाचा काही भाग येथे जमा करीत असे आणि त्यातून कारागिरांचे पोषण, सामुदायिक कामे व अवर्षणाच्या वर्षातील गरज भागवली जात असे. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, मणी घडवणारा, हस्तिदंताचे काम करणारा अशा कारागिरांची घरे गावाच्या पश्चिमेकडे होती. जो दिवसभर चाकावर बसतो तो नांगर धरू शकत नाही. त्याच्या पोटाची तजवीज इतरांच्या शिलकीतूनच होते. कारागिरी, व्यापार आणि कला यांचा उगम या शिलकी धान्यातच आहे. जैन परंपरेत भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे लोकांना शिकवली असे सांगितले जाते. पुरातत्त्वाचा मार्ग वेगळा आहे आणि त्याची कालगणनाही वेगळी. तथापि या कर्मांना परस्परांचा आधार लागतो, हे सत्य इनामगावच्या मातीतही वाचता येते.

कोठाराबाबत एक प्रश्न मात्र प्रत्येक काळात उभा राहतो : भरलेले कोठार कोणाचे? एकाच्या लोभाचे की सर्वांच्या निर्वाहाचे? कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडू शाहांची कथा जैन घरांत आदराने सांगितली जाते. विक्रम संवत १३१३ ते १३१५ या भीषण दुष्काळात त्यांनी आपली धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली. साठवण करणे हा दोष नव्हे. ज्या दिवसासाठी साठवले तो दिवस आला असता दार बंद ठेवणे हा दोष. इनामगावच्या प्रमुखाने दुष्काळात कोठार कितपत उघडले, हे कोणत्याही शिलालेखात लिहिलेले नाही. परंतु पावसाचा काही भरवसा नसताना एकाच जागी इतकी शतके वस्ती टिकून राहिली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

नाण्याशिवायचा व्यवहार

आपल्या देशात नाण्यांचे चलन इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकाच्या आसपास रूढ झाले. इनामगाव तोवर ओस पडलेले होते. तरीही तेथील लोकांच्या अंगावर आणि हातांत दूरदेशीच्या वस्तू होत्या.

दख्खनचे पठार काळ्या बेसॉल्ट खडकाचे आहे. या खडकात तांब्याचे खनिज नाही आणि सोनेही नाही. म्हणजेच इनामगावात सापडलेला तांब्याचा प्रत्येक गळ, प्रत्येक छिन्नी आणि प्रत्येक बांगडी बाहेरून आलेल्या धातूची आहे. हे तांबे राजस्थानातील अरवलीच्या परिसरातून आले असावे, असे मानले जाते. सोन्याचे थोडे अलंकार मिळाले. त्यांचा धातू कर्नाटकातून आला असण्याचा संभव आहे. शंखाच्या बांगड्यांसाठी समुद्र गाठावा लागतो. हे मार्ग केवळ एका दिशेने वाहत नव्हते. कर्नाटकातील बळ्ळारी भागात टेक्कलकोटा येथे जोर्वे पद्धतीची मृद्भांडी मिळाली आहेत. दायमाबादच्या जुन्या थरांत सिंधू लिपीतील चिन्हे असलेल्या मुद्रा सापडल्या आहेत. महाराष्ट्रातील खेडी जगापासून तुटलेली नव्हती, याची ही साक्ष आहे.

चाकणहून नाशिकच्या रस्त्याने पुढे जाताना मंचरच्या परिसरात, घोडनदीच्याच काठी चांडोली हे गाव लागते. तेथे १९६० मध्ये उत्खनन झाले. तांब्याचा एक सुरेख खंजीर मिळाला, ज्याच्या मुठीचे टोक दोन शिंगांसारखे फाकलेले आहे. त्याहून हृद्य आहे ती एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांची माळ. तांब्याच्या गंजाने आतील धाग्याचे रक्षण केले होते. तपासणीत तो धागा जवसाच्या झाडाचा, म्हणजे लिननचा निघाला. नेवाशाच्या उत्खननात अशाच एका माळेतील धाग्यात कापूस आणि रेशीम आढळले. बाळाच्या गळ्यात दूरच्या तांब्याचे मणी घालणारे आईवडील चांडोलीसारख्या खेड्यात होते. त्या मण्यांसाठी त्यांनी काय मोजले असेल? धान्य, कापड, जनावर, की कुणाच्या शब्दाची उधारी? धान्य खाल्ले गेले, कापड विरले, शब्द वाऱ्यावर गेला. मागे उरले ते मणी. पुरातत्त्वाच्या वहीत जमेची बाजू दिसते, नावेची बाजू बहुधा कोरी राहते.

तथापि एक गोष्ट स्पष्ट आहे. शेकडो कोसांवरून माल हातोहात येत असेल, तर वाटेवरच्या प्रत्येक गावात ओळख असली पाहिजे, माप मान्य असले पाहिजे आणि दिलेला शब्द पाळला जाईल असा विश्वास असला पाहिजे. कर्जाच्या कागदावर सही घेण्याची पद्धत फार अलीकडची. पत हा शब्द मात्र त्याहून पुष्कळ जुन्या व्यवहाराचा वारस आहे.

दुसरी एक गोष्ट व्यापारी नजरेला विशेष जाणवेल. तांबे महाग आणि दुर्मीळ होते, म्हणून या लोकांनी आपले रोजचे काम तांब्यावर अवलंबून ठेवले नाही. बेसॉल्टच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या चाल्सेडोनी या गारेसारख्या स्थानिक दगडापासून त्यांनी लहान, धारदार पाती काढली. कापणे, तासणे, सोलणे ही नित्याची कामे त्या पात्यांवर होत. पोटासाठी घरचे धान्य, हातासाठी घरचा दगड. दूरचा माल मोजक्या हत्यारांसाठी आणि अलंकारांसाठी. दूरच्या व्यापाराने त्यांचे जीवन समृद्ध केले, परंतु त्यांचे अस्तित्व त्यावर टांगलेले नव्हते.

पाणी आटले तेव्हा

इसवी सनापूर्वी सुमारे १००० च्या आसपास या प्रदेशाचे हवामान अधिक कोरडे होत गेले, असे डॉ. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. मातीच्या थरांत त्याचे परिणाम दिसतात. पूर्वीच्या ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या आल्या. गव्हाचे प्रमाण घटले. भांडी पूर्वीसारखी खणखणीत भाजली जाईनात आणि त्यांवरील नक्षी कमी झाली. शेतीबरोबर शिकारीवर आणि रानातून वेचून आणण्यावर भर वाढला. घरे लहान झाली म्हणजे साठवणही लहान झाली. साठवण आटली की कारागिराला पोसणारी शिलक आटते, आणि शिलक आटली की दूरच्या मालाला देण्यासाठी हाती काही उरत नाही. ऱ्हासाची ही साखळी आजच्या कोणत्याही ताळेबंदात तशीच्या तशी दिसेल.

तरीही गाव लगेच उठले नाही. पडत्या काळातही आणखी तीनशे वर्षे लोक तेथेच टिकून राहिले. हे शक्य झाले, कारण त्यांच्या निर्वाहाची मुळे त्याच मातीत होती. जव, कुळीथ, शेळ्या-मेंढ्या आणि दगडाची पाती यांसाठी त्यांना कोणाच्या दारी जावे लागत नव्हते. इ.स.पू. ७०० च्या सुमारास अखेर वस्ती ओस पडली.

काही शतकांनी याच प्रदेशात व्यापार पुन्हा बहरला. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून मालाची वाहतूक होऊ लागली आणि जुन्नर ही मोठी पेठ झाली. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा उल्लेख आहे. धान्याचा व्यापार करणाऱ्यांनी संघटित व्हावे आणि पाण्याचे टाके खोदून द्यावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. धान्य आणि पाणी यांचे नाते त्यांना उमगले होते.

आजच्या पट्ट्यासाठी

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत आजही तांबे लागते. वायरींत, मोटारींत, यंत्रांत. आणि आजही ते बाहेरूनच येते, कारण पायाखालचा खडक बदललेला नाही. बदलली आहे ती साठवणीची रीत. आधुनिक कारखाना लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल मागवतो; गोदामात पैसा अडकू देत नाही. हिशेबाच्या दृष्टीने ही रीत उत्तम आहे. परंतु २०२० च्या टाळेबंदीत मालवाहतूक थांबली तेव्हा, आणि २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक चिपच्या टंचाईमुळे जगभरच्या मोटार उद्योगाला उत्पादन कमी करावे लागले तेव्हा, दूरवरच्या एका लहानशा वस्तूवाचून केवढा मोठा कारभार अडतो हे सर्वांनी पाहिले. त्याच टाळेबंदीत ज्या घरांत वर्षाचे धान्य भरलेले होते, त्यांना निदान चुलीची चिंता नव्हती.

पवना, भामा-आसखेड, डिंभे आणि घोड ही धरणे आज त्या जुन्या पाटाचे आणि कोठाराचे काम करीत आहेत. शहर, कारखाने आणि शेती या तिघांचा वाटा त्याच पाण्यात आहे. इनामगावच्या लोकांनी हाताने खोदलेला पाट सर्वांच्या श्रमाचा होता; त्यामुळे त्याच्या पाण्याचा हिशेबही सर्वांचा असणार. तो हिशेब जोवर जमला तोवर कुंभाराचे चाक फिरत राहिले आणि बाळाच्या गळ्यात दूरच्या तांब्याचे मणी पडत राहिले.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास अनेक घरांत आजही वर्षाचे धान्य भरले जाते. गहू उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेवला जातो. नव्या सदनिकांत कोठीला जागा नसते आणि दुकान हाकेच्या अंतरावर असते, म्हणून ही रीत हळूहळू मागे पडत आहे. ती पूर्णपणे सोडण्यापूर्वी घरातील नव्या पिढीला एकदा घोडनदीच्या काठी न्यावे आणि इनामगावच्या टेकाडापाशी उभे करून त्या कोठाराची गोष्ट सांगावी. माल कोठूनही आणता येतो; परंतु अडचणीच्या वर्षी घर आणि गाव तगते ते आपल्या पेवातील दाण्यावर आणि शेजाऱ्याच्या विश्वासावर.